आधी खोकून दाखवा!

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन संपत आलेलं असतं. जाळी बसलेली असते. कातडीला टाके घालण्याआधी सर्जन जखमेच्या कडांमध्ये ब्युपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध टोचतात. भूलतज्ज्ञ म्हणून मी या दोन मिनिटांच्या कामाचा आग्रह धरते, कारण पाठीत दिलेली भूल काही तासांत उतरते आणि तेव्हा हेच औषध जखम शांत ठेवतं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही उघड्या शस्त्रक्रियेसाठी याची शिफारस आहे.

वॉर्डात सिस्टर विचारतात, "काका, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आता किती?" काका पडल्या पडल्या म्हणतात, "तीन." मग सिस्टर जखमेवर घडी केलेला टॉवेल दाबून धरायला सांगतात. "आता खोका." काकांचा चेहरा आक्रसतो. "सहा!" माझ्या लेखी हा दुसरा आकडा महत्त्वाचा. हर्नियाचा पेशंट खोकू शकला, कुशीवर वळू शकला, उठून चालू शकला, तरच औषध लागू पडलं म्हणायचं.

पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक ही जोडी इथे पाया. डायक्लोफिनॅक जखमेतली सूज कमी करतं. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन ही अफूवर्गीय औषधं मज्जारज्जूत आणि मेंदूत वेदनेचा निरोपच दाबून टाकतात. ताकद मोठी, पण सोबत मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणं येऊ शकतं. उलटी झाली, शौचाला कुंथावं लागलं, की ताण नेमका ताज्या टाक्यांवर पडतो. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषाला तर लघवीची नळी घालायची पाळी येते.

म्हणून साधी औषधं सर्वांना चालतात असं नाही. मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात अल्सर असेल, तर मी डायक्लोफिनॅक टाळते. रोज दारू पिणाऱ्याला पॅरासिटामॉलही जपूनच. प्रौढांनाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर ते द्यायचं नसतं.

वॉर्डात वारंवार दिसतं ते असं : 'झोपलाय, कशाला उठवायचं' म्हणून रात्रीचा पॅरासिटामॉलचा डोस राहून जातो. पहाटे ठणक्यानं जाग येते, पेशंट कण्हायला लागतो आणि ट्रॅमाडॉल द्यावं लागतं. वेळच्या वेळी साधा डोस मिळाला असता, तर बहुतेकदा ही वेळ आली नसती. तरीही दुखणं आटोक्यात येत नसेल, तर अफूवर्गीय औषध थोडक्या मात्रेत, थोड्या काळासाठी जरूर द्यावं. सवय लागेल या भीतीनं कुणाला तळमळत ठेवणं हा अन्याय आहे. मात्र ठणका वाढतच गेला, तर आधी जखम तपासायला हवी.

घरी गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घड्याळ पाहून घ्या, दुखायची वाट पाहू नका. आणि मूत्रपिंड, अल्सर, दारू, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांतलं काहीही असेल, तर ऑपरेशनच्या आधीच भूलतज्ज्ञाला सांगा.