ताळेबंदाखालची सही : सनदी लेखापालाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा



वैशाखातल्या संध्याकाळी कोणी जमाखर्चाविषयी बोलू लागला, तर श्रोत्यांनी दाराकडे पाहावे हे साहजिकच आहे. परंतु या विषयाशी आपणा प्रत्येकाचा वर्षातून निदान एकदा तरी संबंध येतो. ज्या पतसंस्थेत आपण ठेव ठेवतो, ज्या कंपनीचे चार शेअर घेतो, तिची वार्षिक सभा भरते. चिटणीस उभे राहून म्हणतात, 'अहवाल वाचला असे समजावे.' आपण तसे समजतो. हात वर होतात, चहा येतो आणि सभा संपते. कंपनीच्या ताळेबंदाखाली नेहमीच, आणि पतसंस्थेच्याही ताळेबंदाखाली पुष्कळदा, एका सनदी लेखापालाची, म्हणजे चार्टर्ड अकौंटंटची, सही असते. आकडे आपण तपासलेले नसतात. ते कोणीतरी तपासले आहेत, एवढ्या विश्वासावर आपण हात वर केलेला असतो.

ही सही करण्याचा अधिकार माणसाला कसा मिळतो, हे आज पाहावयाचे आहे. ठेवीदाराइतकेच त्याचे अगत्य आणखी एका वर्गाला आहे. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी 'सी. ए. करते आहे', त्या घरात निकालाच्या दिवशी चूल पेटते न पेटते अशी अवस्था असते. शाळेत नेहमी पहिली आलेली मुलगी इथे नापास कशी होते, हे आईबापांना कळत नाही आणि शेजाऱ्यांना सांगता येत नाही. मग 'वर ठरवूनच इतके पाडतात' असा समज पसरतो. या समजाचाही आपण विचार करू.

प्रथम थोडा इतिहास. १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाची पात्रता ठरवून दिली. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ती पदविका मिळाली म्हणजे झाले असे तेव्हाही नव्हते. मान्य हिशेबनिसाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केल्यावाचून पूर्ण अधिकाराचा दाखला मिळत नसे. १९३२ च्या नियमांनी हा कारभार प्रांतांकडून हिंदुस्थान सरकारकडे गेला. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९४९ चा सनदी लेखापाल कायदा केला, तो १ जुलै १९४९ रोजी अंमलात आला आणि इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकौंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. परीक्षा घेणे, उमेदवारीवर देखरेख ठेवणे आणि चुकलेल्या सभासदाला शिस्त लावणे ही तिन्ही कामे या एकाच संस्थेकडे आली. पुस्तक आणि उमेदवारी यांची जी जोडी १९१८ साली जुळली, ती आजतागायत तुटलेली नाही.

आता आजची रचना. १ जुलै २०२३ पासून अभ्यासक्रमाची नवी योजना लागू झाली. तिच्या तीन पायऱ्या आहेत : फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. बारावीनंतर द्यावयाच्या फाउंडेशनला शंभर गुणांचे चार पेपर असतात. जमाखर्च आणि व्यापारी कायदे हे दोन पेपर लेखी उत्तरांचे. गणित, तर्क व संख्याशास्त्र यांचा एक आणि अर्थशास्त्राचा एक, हे दोन पर्यायी उत्तरांचे. या दोहोंत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. अंदाजाने ठोकून देणाऱ्याला पहिल्याच पायरीवर मिळालेली ही समज आहे. वाणिज्य शाखेचा ५५ टक्के आणि इतर शाखांचा ६० टक्के गुण मिळवणारा पदवीधर ही पायरी वगळून थेट इंटरमीजिएटला बसू शकतो.

इंटरमीजिएटला सहा पेपर, तीन-तीनांच्या दोन ग्रुपांत विभागलेले. पहिल्या ग्रुपात प्रगत जमाखर्च, कंपनी व इतर कायदे आणि करआकारणी. दुसऱ्यात परिव्यय, म्हणजे मालाची किंमत पडते कशी त्याचे शास्त्र, हिशेबतपासणी व व्यवसायनीती, आणि वित्तव्यवस्थापन व धोरण. फायनलचेही सहाच पेपर. पहिल्या ग्रुपात वित्तीय अहवालांची मांडणी, प्रगत वित्तव्यवस्थापन आणि प्रगत हिशेबतपासणी. दुसऱ्यात प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर आणि सर्व विषय एकत्र आणणारा एक पेपर. या शेवटच्या पेपरला पुस्तके उघडून बसण्याची मुभा आहे. यात कोणी सवलत पाहू नये. ज्याला रोग ओळखता येत नाही, त्याच्या हाती औषधांची सारी पेटी दिली म्हणून तो वैद्य होत नाही.

हा अभ्यासक्रम स्थिर राहत नाही. २०१७ साली, तेही १ जुलैलाच, वस्तू व सेवा कर आला आणि अप्रत्यक्ष करांची जुनी पुस्तके रद्दीत गेली. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा कायदा संमत झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याची पानिपतची लढाई एकदा पाठ केली की जन्मभर पुरते. या विद्यार्थ्याला ती चैन नाही.

आता उत्तीर्ण होण्याच्या नियमाकडे वळू, कारण सारे मर्म तेथे आहे. प्रत्येक पेपरात निदान ४० आणि ग्रुपाच्या एकूण गुणांत निदान ५० टक्के, असा तो नियम आहे. तीन पेपरांच्या ग्रुपात तीनशेपैकी दीडशे गुण हवेत.

तीन विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. पहिलीला ७२, ६८ आणि ३८ गुण मिळाले. बेरीज १७८, तरी ती नापास. दुसरीला ४६, ४७ आणि ४८. ती एकाही विषयात मागे नाही, पण बेरीज १४१, म्हणून तीही नापास. तिसरीला ४०, ५२ आणि ५८. बेरीज बरोबर १५०, ती पास. शेजारी म्हणतील, १७८ वाली नापास आणि १५० वाली पास, हा कुठला न्याय?

न्याय असा आहे. पहिली मुलगी हुशार आहे यात शंका नाही, पण तिच्या ज्ञानात एक भोक राहिले आहे. समजा, ते करांच्या विषयात आहे. उद्या तिच्यापुढे येणारा व्यवहार 'मला जमाखर्चाचेच विचारा' असे म्हणत येणार नाही. पोहऱ्याला भोक लहान की मोठे याला अर्थ नसतो, विहिरीतून वर येईतो तो रिकामाच होतो. दुसऱ्या मुलीच्या पोहऱ्याला भोक नाही, पण पाणीच थोडे आहे. चाळीसची अट भोक पाहते आणि पन्नासची अट पाणी मोजते. यांपैकी एक अट काढली, तर ताळेबंदाखालच्या सहीवर आपल्याला निर्धास्त राहता येणार नाही.

हा नियम निर्दय मात्र नाही. वरच्या दोन पायऱ्यांवर ग्रुपातले सारे पेपर देऊन ज्या पेपरात ६० वा अधिक गुण पडतील, त्यातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते. म्हणजे आपल्या पहिल्या मुलीला ७२ आणि ६८ चे पेपर लगेच पुन्हा द्यावे लागत नाहीत, भोक पडले तेवढेच बुजवावयाचे. दोन्ही ग्रुप एका वेळी दिले, तर एकाची उणीव दुसऱ्याच्या आधिक्याने भरून निघते. एकात १४२ आणि दुसऱ्यात १६३ असतील, तर बेरीज ३०५ होते, आणि प्रत्येक पेपरात ४० असले की काम झाले. शिवाय पास करावयाच्या जागा ठरलेल्या नाहीत. ही स्पर्धा नसून पात्रतेची कसोटी आहे. शेजारच्या बाकावरचा पास झाला म्हणून आपली जागा जात नाही. नापास मुलीला 'बाकीचे पुढे गेले' असे बोलण्यापूर्वी घरच्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, आणि एकूण बेरजेआधी कोणता पेपर अडला ते विचारावे.

इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटले की उमेदवारी सुरू होते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, नव्या योजनेत दोन वर्षांची आहे. एके काळी शिकाऊ उमेदवारच गुरूला रक्कम मोजून देत असे. आता गुरूनेच त्याला विद्यावेतन द्यावयाचे असते. या दोन वर्षांत तो गोदामात जाऊन पोती मोजतो, बिलांवर खुणा करतो, कीर्द-खतावणीचा ताळा पाहतो आणि कारखान्याच्या मुनिमाचे टोमणे ऐकतो. पुस्तकातला माल वहीत असतो तितकाच गोदामात असतो. खरा माल तसा वागत नाही, हे त्याला येथे प्रथम कळते. याच अवधीत त्याला स्वतःच्या सवडीने चार विषय अभ्यासून त्यांच्या संगणकावरील परीक्षांत प्रत्येकी ५० टक्के मिळवावे लागतात. उमेदवारी संपल्यावर सहा महिने अभ्यासाला मिळतात आणि मग फायनल. कोठेही न अडखळणाऱ्याला बारावीपासून येथवर सुमारे साडेतीन वर्षे लागतात. अडखळणाऱ्यांची संख्या थोडी नसते.

एवढे सारे झाल्यावर सही निर्दोष होते काय? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या संस्थापकाने पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँकेतील शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. आता बँकेतील शिल्लक कशी तपासावी, हा काही फायनलचा अवघड प्रश्न नव्हे. इंटरमीजिएटचा विद्यार्थीही लिहील की, कंपनीने दाखवलेल्या कागदावर न थांबता बँकेकडून थेट पत्र मागवावे. उत्तर सर्वांना येते. ते लिहिणे निराळे, आणि समोर मोठा, सज्जन वाटणारा मालक बसला असता 'तुमचा कागद नको, बँकेचा हवा' असे म्हणणे निराळे.

१८९६ साली इंग्लंडातल्या किंग्स्टन कापूस गिरणीच्या खटल्यात न्यायालय म्हणाले होते की, हिशेबतपासनीस हा राखणदार कुत्रा आहे, मागावर सोडलेला शिकारी कुत्रा नव्हे. हे वाक्य या परीक्षेचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले आहेत. परंतु राखणदाराने घरात शिरणाऱ्यावर भुंकावे तरी लागते. नाही तर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असे व्हावयाचे. सत्यमनंतरच्या काळात कायदा कडक झाला. २०१८ साली मोठ्या कंपन्यांच्या हिशेबतपासनिसांवर नजर ठेवण्यासाठी केंद्र सरकारने स्वतंत्र प्राधिकरण नेमले. हे योग्यच झाले. पण नाही म्हणण्याचे धैर्य कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मोजता येत नाही. ते जडलेच तर उमेदवारीच्या दोन वर्षांत, गुरूचे वागणे पाहून जडते. पेपरांपेक्षा हा काळ मला अधिक मोलाचा वाटतो तो याचसाठी. आईबापांनी आपल्या मुलीसाठी कचेरी निवडताना ती किती मोठी आहे, एवढेच न विचारता तेथे काम खरोखर शिकवतात का आणि खोटे चालवून घेतात का, हे आधी विचारावे. हजेरीपुरती उमेदवारी आणि बाकी वेळ शिकवणीवर्ग, हा मार्ग सोयीचा वाटतो. पण पोहऱ्याला पडलेले ते सर्वांत मोठे भोक आहे.

शेवटी आपल्यापुरते एक काम. २०१९ पासून सनदी लेखापालाच्या सहीसोबत अठरा अंकाक्षरांचा एक क्रमांक असतो. ती सही खरी आहे की नाही, हे त्या क्रमांकावरून संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येते. सही करणाऱ्याने साडेतीन वर्षे, कधी सहा-सात वर्षे, परीक्षा दिलेली असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण संसाराला ठीक आहे, ठेवीदारांच्या पैशाला नव्हे. पुढच्या वार्षिक सभेत चिटणीस 'अहवाल वाचला असे समजावे' म्हणाले, तर आपण एवढेच म्हणावे : 'समजू नका. शेवटचे पान तेवढे वाचा.'