भीतीला गुण किती?

दरवर्षी ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत ‘हॅलोवीन’ साजरा होतो. आयर्लंड व स्कॉटलंडमधील केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या सुमारास एक सण पाळत असत. पुढे ख्रिस्ती पंचांगातील १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाशी त्याची सांगड बसली. एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर ही प्रथा अमेरिकेत रुजली. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात आणि भोपळे कोरून त्यांत दिवे लावतात. या जुन्या प्रथेला विसाव्या शतकात एक नवी जोड मिळाली, ती भयपटांची. जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ हा चित्रपट २५ ऑक्टोबर १९७८ रोजी प्रदर्शित झाला. सुमारे तीन लाख डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे सात कोटी डॉलरची कमाई केली. तेव्हापासून ऑक्टोबर म्हणजे भयपटांचा हंगाम हे समीकरण पक्के होत गेले. आज तेथील अनेक शौकीन ऑक्टोबरच्या ३१ दिवसांत ३१ भयपट पाहण्याचा संकल्प सोडतात आणि प्रत्येक चित्रपटाला गुण किंवा तारे देऊन त्याची वहीत नोंद करतात.

ही वही आपल्यासारख्या विज्ञान शिकवणाऱ्यांना दोन कारणांसाठी मनोरंजक वाटावी. पहिले कारण असे की, ज्या भावनेपासून प्रत्येक प्राणी दूर पळतो ती भावना माणूस तिकीट काढून विकत का घेतो, हा एक कूट प्रश्न आहे. दुसरे कारण म्हणजे या वहीत एक मोजमाप दडलेले आहे. भीती मोजता येते का? मोजता आली तर ३१ चित्रपटांची क्रमवारी लावता येईल का? उत्तरपत्रिका तपासून गुण देणाऱ्या आपणा सर्वांना हा दुसरा प्रश्न तसा जवळचाच आहे.

भीती वाटते तेव्हा काय घडते?

पडद्यावर अंधारे दालन आहे, शांतता आहे आणि एकाएकी दार धाडकन उघडते. आपण दचकतो. डोळे मिटतात, खांदे वर उचलले जातात, छातीत धडधडू लागते. ‘हा तर सिनेमा आहे’ हा विचार मनात येण्याआधीच हे सारे होऊन गेलेले असते.

असे का होते? मेंदूत खोलवर, कानशिलांच्या आतल्या बाजूस, बदामाच्या आकाराचे दोन लहान भाग असतात. त्यांना ‘अमिग्डाला’ म्हणतात. जोझेफ लेदू या शास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की धोक्याच्या आवाजाची वार्ता अमिग्डालापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक आडवाट आहे. ती ‘थॅलॅमस’ या भागातून थेट जाते. तीवरून वार्ता लवकर पोहोचते, पण ती मोघम असते. दुसरी वाट मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे विचार करणाऱ्या भागातून जाते. ती लांबची आहे, पण तिच्यावरून आलेली माहिती तपशीलवार असते. पायाशी वळवळले ते साप की दोरी, याचा निर्णय दुसऱ्या वाटेने होतो, पण पाय मात्र पहिल्या वाटेच्या सांगण्यावरून आधीच मागे सरकलेला असतो. लेदू यांनी पुढे आवर्जून सांगितले की ही यंत्रणा म्हणजेच ‘भीती वाटणे’ नव्हे. आपल्याला जाणवणारी भीती घडवण्यात विचार करणाऱ्या मेंदूचाही वाटा असतो.

इशारा मिळताच अनुकंपी चेतासंस्था कामाला लागते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, बाहुल्या विस्फारतात, तळहातांना घाम सुटतो, पचनाचे काम मंदावते. वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली या साऱ्याचे वर्णन ‘लढा किंवा पळा’ अशी तयारी म्हणून केले. चित्रपटगृहात लढायचेही नसते आणि पळायचेही नसते. शरीर सज्ज होते आणि खुर्चीतच बसून राहते.

चित्रपट बनवणाऱ्यांना या यंत्रणेतील मर्मस्थळे नेमकी ठाऊक असतात. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’मधील स्नानगृहाचा प्रसंग आधी संगीताविना ठेवायचा होता. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी त्याला व्हायोलिनचे कर्कश, किंचाळल्यासारखे सूर दिले आणि तेच गाजले. अशा एखाद्या प्रसंगाचा आवाज बंद करून पाहावा. दृश्य तेच असते, पण धसका बराचसा ओसरलेला असतो.

खोट्या भीतीचा खरा आनंद

मग या धडधडीत आनंद कोठून येतो? डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलेली एक कल्पना येथे उपयोगी पडते. एका कारणाने शरीर उत्तेजित झाले की ती उत्तेजना लगेच विरत नाही. तेवढ्यात दुसरी भावना आली तर उरलेली उत्तेजना तिच्या खात्यात जमा होते आणि ती भावना अधिक तीव्र होते. नायिका संकटातून सुटली की वाटणारा सुटकेचा आनंद आधीच्या भीतीच्या भांडवलावर वाढतो.

सोबतीचाही परिणाम होतो. झिलमन व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये तरुणतरुणींना जोडीने भयपट दाखवला. सोबतची तरुणी घाबरलेली दिसली तर तरुणांना चित्रपट अधिक आवडला. सोबतचा तरुण घाबरलेला दिसला तर तरुणींना तो कमी आवडला. चित्रपट एकच होता, बदलली होती ती फक्त शेजारची खुर्ची.

तरीही जितकी भीती जास्त तितकी मजा जास्त, असे मात्र नाही. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी वायले येथील एका कृत्रिम ‘भूतबंगल्यात’ जाणाऱ्या ११० लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बांधली आणि बाहेर आल्यावर त्यांना भीती व मजा यांविषयी विचारले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती आणि मजा यांचा आलेख टेकडीसारखा आला. भीती अगदी कमी तर कंटाळा आणि फार जास्त तर त्रास. मजा मधल्या भागात. झोपाळ्याचेही असेच असते. झोका फार लहान असला तर मजा नाही, फार मोठा झाला तर पोटात गोळा येतो. शिवाय प्रत्येकाची टेकडी वेगळ्या ठिकाणी असते, हेही आपण ध्यानात ठेवावे.

रक्त खरेच गोठते का?

‘अंगावर काटा आला’, ‘रक्त गोठले’ असे आपण बोलण्यात म्हणतो. काटा येतो हे दिसतेच. पण रक्ताचे काय? नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी हा प्रश्न खरोखर प्रयोगाने तपासला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

तिशीच्या आतले २४ निरोगी स्वयंसेवक निवडले. प्रत्येकाने दोन चित्रपट पाहायचे होते. ‘इन्सिडियस’ हा भयपट आणि शॅम्पेनच्या निर्मितीवरचा एक शांत माहितीपट. १४ जणांनी भयपट आधी पाहिला आणि १० जणांनी माहितीपट आधी पाहिला. दोन्हींत आठवड्याहून अधिक अंतर ठेवले, दिवसाची वेळ मात्र तीच ठेवली. प्रत्येक चित्रपटाच्या आधी व नंतर रक्ताचा नमुना घेतला. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होत असल्याने माणसामाणसांतील फरक आड येत नाहीत. दोन गटांचा क्रम उलटा असल्याने ‘आधी पाहिले म्हणून’ होणारा परिणामही वेगळा काढता येतो.

निष्कर्ष काय निघाला? रक्त गोठण्यास लागणाऱ्या प्रथिनांपैकी ‘घटक आठ’ हे प्रथिन भयपटानंतर ५७ टक्के लोकांत वाढले, तर माहितीपटानंतर केवळ १४ टक्के लोकांत वाढले. हिमोफिलियाच्या सर्वांत सामान्य प्रकारात याच घटकाची उणीव असते. मात्र प्रत्यक्ष गुठळी होत असल्याच्या खुणा कोणाच्याही रक्तात वाढल्या नाहीत. जखम झालीच तर रक्त लवकर थांबावे, अशी ही पूर्वतयारी असावी. म्हणजे वाक्प्रचार अगदीच निराधार नाही, पण तो शब्दशः खराही नाही.

तारे, टक्के आणि सरासरी

आता गुणांच्या वहीकडे वळू. ठोके मोजले की भीती मोजली, असे म्हणता येईल का? २०२० मध्ये ब्रिटनमधील एका कंपनीने प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजून सर्वांत भयंकर चित्रपट जाहीर केला. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सरासरी ६५ असलेले ठोके ‘सिनिस्टर’ पाहताना सरासरी ८६ वर गेले. ‘इन्सिडियस’ची सरासरी ८५ होती, म्हणून तो दुसरा आला. पण ठोक्यांची सर्वोच्च उडी पाहिली तर ‘सिनिस्टर’ १३१ वर थांबतो आणि ‘इन्सिडियस’ १३३ वर जातो. सरासरी घेतली तर एक पहिला, कमाल किंमत घेतली तर दुसरा. शिवाय फरक किती, तर मिनिटाला एकदोन ठोक्यांचा. प्रेक्षकांची दुसरी तुकडी बसवली असती तर हा क्रम टिकला असता का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणखी एक अडचण आहे. हसताना, रागावताना, जिना चढतानाही ठोके वाढतात. ठोका स्वतःचे कारण सांगत नाही. म्हणूनच लायडनच्या प्रयोगात रक्ताच्या तपासणीबरोबर ‘किती भीती वाटली’ हेही दहाच्या मापावर विचारले होते.

माणसांनी दिलेल्या गुणांतही असेच घोटाळे असतात. समजा, एका चित्रपटाला दहा जणांपैकी पाच जणांनी ९ आणि पाच जणांनी १ गुण दिला. दुसऱ्याला दहाही जणांनी ५ दिले. दोघांची सरासरी ५ च येते. पहिला चित्रपट मतभेदाचा आहे आणि दुसरा सपक. सरासरी हा भेद पुसून टाकते. भयपटांच्या बाबतीत हे फार घडते. २०१८ सालच्या ‘हेरेडिटरी’ची सुमारे ९० टक्के समीक्षकांनी तारीफ केली, पण प्रदर्शनाच्या दिवशी चित्रपटगृहाबाहेर प्रेक्षकांची मते घेणाऱ्या ‘सिनेमास्कोर’च्या पाहणीत त्याला ‘डी अधिक’ ही खालची श्रेणी मिळाली. येथे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी ९० गुण नव्हेत. ‘चांगला’ म्हणणाऱ्यांचे ते प्रमाण आहे. सर्वांनी जेमतेम पसंत केलेल्या चित्रपटालाही या पद्धतीने शंभर टक्के मिळू शकतात.

मत देणाऱ्यांची संख्याही पाहावी लागते. एका चित्रपटाला १० मते मिळाली आणि सरासरी ९ आली. दुसऱ्याला २००० मते मिळाली आणि सरासरी ७.८ आली. वर कोणाला ठेवावे? यावर एक युक्ती आहे. प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात सर्व चित्रपटांच्या सरासरीइतक्या गुणांची काही मते आधीच घालायची. ही सर्वसाधारण सरासरी ६ धरू आणि अशी १०० मते घालू. पहिल्याची नवी सरासरी (९० + ६००) भागिले ११०, म्हणजे सुमारे ६.३ येते. दुसऱ्याची (१५,६०० + ६००) भागिले २१००, म्हणजे सुमारे ७.७ येते. पुरावा थोडा असेल तर निष्कर्षही सावध असावा, हे तत्त्व येथे गणितात उतरले आहे.

आणि ३१ दिवसांचा क्रम? पहिल्या दिवशी ज्या धाडकन उघडणाऱ्या दाराने दचकायला झाले, त्याच प्रकारच्या दाराने विसाव्या दिवशी पापणीही लवत नाही. वारंवार येणाऱ्या उद्दीपनाला प्रतिसाद कमी होत जातो. त्याला आपण सवय म्हणतो. शिवाय फार चांगल्या चित्रपटानंतर येणारा साधा चित्रपट आहे त्याहून फिका वाटतो. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात उत्तम पेपरानंतर आलेल्या बेताच्या पेपराचे काय होते, हे आपण जाणतोच. उपाय दोन्हीकडे एकच. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या तपासनिसाने तो उलटा घ्यावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सारे शिकवण्यासाठी भयपट दाखवण्याची मुळीच गरज नाही. चार छोट्या गूढकथा निवडाव्यात. वर्गाचे दोन गट करून एका गटाला त्या एका क्रमाने व दुसऱ्या गटाला उलट क्रमाने वाचून दाखवाव्यात. प्रत्येक कथेआधी व कथेनंतर विद्यार्थ्यांनी मनगटावरील नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणावी. ‘भीती’ आणि ‘आवड’ यांना ० ते १० पैकी वेगवेगळे गुण द्यावेत, आणि तेही एकमेकांशी न बोलता. मग सरासरी व मध्यक काढावेत, भीती आडव्या अक्षावर व आवड उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडावेत. डेन्मार्कची टेकडी आपल्या वर्गात दिसते का? नाडी आणि गुण एकच गोष्ट सांगतात का? दोन गटांची क्रमवारी जुळते का? नाही जुळली तर चर्चेला अधिक रंग चढेल.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ज्याला ऐकायचे नसेल त्याला कारण न विचारता बाहेर बसू द्यावे. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९० टक्के जणांनी लहानपणी एखाद्या चित्रपटाने वा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाने फार घाबरल्याचे सांगितले आणि सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मनात ती भीती कितीतरी वर्षांनंतरही शिल्लक होती. अगदी लहान मुले भेसूर रूपाला घाबरतात, ‘हे खोटे आहे’ या समजावणीचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. थोडी मोठी मुले ‘हे माझ्या घरी घडू शकेल’ या विचाराने घाबरतात. आपल्याकडे चित्रपटाच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे २०२४ पासून ७, १३ व १६ वर्षे असे उपवर्ग झाले आहेत. पालकसभेत त्यांचा अर्थ जरूर समजावून सांगावा, कारण आता चित्रपट घरातल्या फोनवरच येऊन पोहोचतो.

घाबरलेल्या मुलाला ‘एवढ्यात काय घाबरतोस’ असे म्हणण्याने काही साधत नाही. त्याच्या शरीराने आपले काम चोख केलेले असते. त्याला नाडी मोजायला शिकवावी, पाच मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगावी आणि उतरलेला आकडा त्याचा त्यालाच पाहू द्यावा. धडधड वाढते तशी ती आपोआप उतरतेही, हे त्याने स्वतः मोजून पाहिलेले असेल.