चार भाषांच्या शहरातील एक मराठी शाळा

आपल्या न्यासाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या शाळेविषयी लिहावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळींनी आम्हांस केली. आम्ही पेशाने शिक्षक आणि राहावयास नामपल्लीत. या भागात शाळांना तोटा नाही. परंतु हैदराबादेतील मराठी घरांतून जिचे नाव पिढ्यान् पिढ्या घेतले जाते, ती शाळा नामपल्लीच्या स्थानकापासून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. ती म्हणजे जांबागेतील विवेकवर्धिनी. ती का निघाली, त्या काळी हैदराबादेत मुले कशी शिकत, आणि तिच्या सभागृहात घडलेल्या एका प्रसंगातून आपण काय घ्यावे, एवढे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

शाळा का निघाली

1907 हे साल हैदराबादच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगे आहे. नामपल्लीचे रेल्वे स्थानक त्या साली झाले, महबूबिया ही मुलींची नामांकित शाळा त्याच साली निघाली, आणि विवेकवर्धिनीचा आरंभही त्याच सालचा. वकिलीत नाव कमावलेले व पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर, लोककार्यात सदैव पुढे असणारे वामनराव नाईक, आणि त्या वेळी चित्रकलेच्या व्यवसायानिमित्त हैदराबादेत राहणारे श्रीपाद दामोदर सातवळेकर, या मंडळींचा तिच्या स्थापनेत हात होता. हेच सातवळेकर पुढे वेदांचे पंडित म्हणून साऱ्या देशात प्रसिद्धी पावले. कोरटकर मूळचे परभणीकडील, तर सातवळेकर सावंतवाडीकडील. दोघे एका शाळेसाठी एकत्र आले ते हैदराबादेत.

शाळेची गरज का पडली, हे समजण्यासाठी त्या राज्याची भाषांची मांडणी ध्यानात घेतली पाहिजे. निजामाच्या राज्यात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथाई मराठी, आणि बाकीच्यांत मुख्यतः कानडी व उर्दू बोलणारे. दरबाराची भाषा पूर्वी फारसी होती. 1884 च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झाले. देशी भाषेतून वैद्यक व विज्ञानापर्यंत सर्व काही शिकविण्याचा हा प्रयोग मोठा होता, आणि त्याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. मात्र ज्यांची मातृभाषा उर्दू नव्हती, त्या बहुसंख्य मुलांस प्राथमिक इयत्ता संपल्या की एक उंच उंबरठा ओलांडावा लागे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत होई आणि पुढील सारे उर्दूत. मराठीला आपल्या मालकीचे एक घर असावे, ही विवेकवर्धिनीच्या जन्मदात्यांची तळमळ त्यातूनच आली.

त्या काळचे विद्यार्थिजीवन

या उंबरठ्याची हकीकत आम्ही आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या, तोंडून ऐकली आहे. आमचे घराणे मूळ लातूरकडील. घरात दखनी, गल्लीत मराठी. दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल फसली 1336 असे लिहिलेले आहे, म्हणजे इसवी 1926-27. गावात मराठीच शाळा होती, म्हणून मुसलमानाचा मुलगा असूनही चार इयत्ता ते मराठीतच शिकले. पाढे शेवटपर्यंत मराठीत म्हणत. बाजारचा हिशेबही मनातल्या मनात मराठीतच करीत.

पुढे तालुक्याच्या शाळेत गेल्यावर गुणाकाराचा 'जरब' झाला, भागाकाराची 'तकसीम' झाली, त्रिकोण 'मुसल्लस' बनला, आणि भूगोलास 'जुगराफिया' म्हणावे लागले. दादांस घरच्या बोलीमुळे ते जड गेले नाही. परंतु चार वर्षे ज्यांच्या मांडीला मांडी लावून ते बसले, ते पाटलाचे आणि कुलकर्ण्याचे मुलगे गोंधळून गेले. हिशेबात दादांहून हुशार असलेली मुले केवळ प्रश्न न कळल्यामुळे मागे पडली. तेव्हा संध्याकाळी मशिदीच्या ओट्यावर बसून दादा त्यांस प्रश्न मराठीत सांगत, आणि ती मुले दादांस उत्तर कसे काढावयाचे ते दाखवीत. दादा म्हणत की या सौद्यात नफा त्यांचाच झाला.

शाळांस आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फसली असत. उस्मानियाच्या अभ्यासक्रमात मुसलमान विद्यार्थ्यांस 'दीनियात' व इतरांस 'अखलाकियात', म्हणजे नीतिशिक्षण, असा विषय असे. त्या तासाला वर्ग दोन भागांत वाटला जाई आणि तास सरला की पुन्हा एक होई. मैदानावर मात्र माध्यमाचा प्रश्न नव्हता. भारतीय फुटबॉलचे थोर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे याच शहरातले शाळामास्तर. चादरघाट हायस्कुलातही त्यांनी शिकविले होते. त्यांच्या हाताखालील भारतीय संघाने 1951 व 1962 च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. आम्हां शिक्षकांस या गोष्टीचा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

एका सभेची गोष्ट

आता त्या प्रसंगाकडे वळतो. 1921 च्या नोव्हेंबरात विवेकवर्धिनीच्या सभागृहात निजामी राज्यातील समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. उर्दू, मराठी आणि इंग्रजी भाषणे सभेने शांतपणे ऐकून घेतली. नंतर अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलावयास उठले, तेव्हा श्रोत्यांनी हुल्लड केली. टाळ्या आणि ओरडा यांत त्यांचे बोलणे बुडाले. ज्या राज्यात तेलुगू बोलणारे सर्वांत अधिक, त्याच्या राजधानीत तेलुगू बोलणाऱ्याला खाली बसावे लागले. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा मोठा होता, ही गोष्ट आपण लपवू नये.

तेलुगू मंडळी तेथून निघून टेकमाल रंगारावांच्या घरी जमली आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. त्यातूनच पुढे 1930 साली आंध्र महासभा उभी राहिली, आणि तेलंगणाच्या लोकजागृतीचा फार मोठा भाग तिच्या हातून झाला. आपल्या भाषेला राज्यात मान नाही म्हणून ज्यांनी घर बांधले, त्यांच्याच घरी दुसऱ्या भाषेचा अवमान झाला. शाळेचा गुणगौरव करताना हे पान गाळले, तर तो इतिहास होणार नाही.

परंतु ही गोष्ट येथेच संपत नाही. त्या जनसंघातील एक धुरीण माडपाटी हनुमंतराव यांनी 1928 साली नारायणगुड्यात मुलींसाठी तेलुगू माध्यमाची शाळा काढली. उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाची मान्यता तिला मिळेना, आणि मान्यता नाही तर परीक्षा नाही. तेव्हा ती शाळा जोडली गेली पुण्याच्या महिला विद्यापीठाशी. ते विद्यापीठ 1916 साली स्थापन केले होते महर्षी कर्वे यांनी, आणि मुलींस मातृभाषेतून शिकवावे हाच त्याचा पाया होता. ज्यांच्या अध्यक्षतेखालील सभेत तेलुगू ऐकून घेतली गेली नाही, त्यांच्याच विद्यापीठाच्या आधारे हैदराबादच्या तेलुगू मुली परीक्षेस बसू लागल्या. एका मराठी सभागृहात जे बिघडले, त्यातील थोडे तरी एका मराठी माणसाच्या संस्थेने सावरले, असे आम्हांस वाटते.

पाळी प्रत्येकाची येते

पुढील पन्नास-साठ वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1938 च्या अखेरीस 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियातील विद्यार्थ्यांस वसतिगृहांतून व वर्गांतून काढण्यात आले. त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. या चळवळीत पडलेले एक तेलुगू विद्यार्थी, पी. व्ही. नरसिंह राव, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. पुढे त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली, आणि 1991 साली ते देशाचे पंतप्रधान झाले. नरहर कुरुंदकरांसारखा मराठीचा मोठा विचारवंत हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकला. या शहराने शिकविलेली माणसे बहुधा दोन-तीन भाषांत सारख्याच सहजतेने वावरत.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, आणि लवकरच उस्मानियातून उर्दू माध्यमही गेले. ज्या भाषेपुढे इतर तिन्ही भाषांस मान तुकवावी लागत होती, तिच्यावर आपले स्थान शोधण्याची पाळी आली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात राहिले, आणि चौथाई राज्याची भाषा असलेली मराठी या शहरात एका रात्रीत मूठभरांची झाली. अशा मुलांसाठीच त्याच वर्षी राज्यघटनेत 350-अ हे कलम घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्यांनी यत्न करावा, असे ते सांगते.

2014 साली तेलंगण राज्य झाले. 2018 च्या कायद्याने येथील सर्व शाळांत तेलुगू शिकणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले. आपल्या काही सभासदांस हे जाचक वाटले, आणि त्यांनी ते आम्हांजवळ बोलूनही दाखविले. त्यांस आम्ही एवढेच म्हणालो की 2020 साली महाराष्ट्रानेही मराठीसाठी तसाच कायदा केला आहे. सोलापुरात पिढ्यान् पिढ्या माग चालविणाऱ्या तेलुगू घरांतील मुले मराठी शिकतात, ते आपणांस योग्य वाटते. मग आपल्या मुलांनी येथे तेलुगू शिकणे अयोग्य कसे?

आमची एक चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता आमची सांगतो. शिक्षकी पेशात नवीन असताना आम्ही आठवीच्या वर्गास मोसमी वाऱ्यांविषयी शिकवीत होतो. एक मुलगा उत्तर द्यावयास उठला. त्याचे वडील उदगीरकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेले. तेलुगू शब्द त्यास आठवेना, तेव्हा त्याने मधेच 'पाऊस' असे म्हटले. वर्ग हसला. त्या हसण्यात आमचेही ओठ हलले. तो मुलगा खाली बसला, तो पुढे कित्येक आठवडे आपण होऊन उठला नाही. 1921 च्या सभेची गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली होती, वर्गात सांगितलीही होती. तरी ती आपल्याच वर्गात घडताना ओळखता आली नाही.

पुढे एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यास बोलावून आम्ही मराठीत म्हणालो, "अरे, आम्ही लातूरकडचे. आमच्याकडेही पाऊसच पडतो." तो आश्चर्याने पाहत राहिला. दाढीवाला उर्दू बोलणारा मास्तर मराठी बोलेल, असे त्याच्या स्वप्नातही नव्हते. दुसऱ्या दिवशी पाऊस, वर्षम्, बारिश आणि मळे हे चार शब्द आम्ही फळ्यावर एका ओळीत लिहिले, आणि कोणाच्या घरी कोणता शब्द चालतो ते विचारले. चारही शब्दांना हात वर झाले. त्या मुलाचाही झाला.

न्यासास एक विनंती

शाळा सरकारी आज्ञेने निघते, तशी लोकांच्या पैशानेही निघते. आमच्या नामपल्लीतील नुमाईशच पाहा. 1938 साली उस्मानियाच्या पदवीधरांनी ती बागे-आममध्ये सुरू केली, 1946 पासून ती सांप्रतच्या मैदानावर भरते, आणि दर जानेवारीत तेथे जमणाऱ्या तिकिटांच्या व गाळ्यांच्या पैशांवर अनेक शाळा-महाविद्यालये चालतात. विवेकवर्धिनीही लोकांच्या आधारावरच वाढली, आणि आज ती संस्था शाळांबरोबर महाविद्यालयेही चालविते.

आपल्या न्यासाने शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या-पुस्तके वाटली, हे काम उत्तम आहे. त्यात एका गोष्टीची भर घालावी. आपल्या बहुतेक घरांतील मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी बोलतात, परंतु आजीचे पत्र त्यांस वाचता येत नाही. त्यांच्यासाठी दर रविवारी सकाळी दोन तास न्यासाच्या सभागृहात मराठी वाचन-लेखनाचा वर्ग काढावा. शिकविण्याचे काम आम्ही विनावेतन करू. अट एकच आहे. त्या वर्गाचे दार शेजारच्या तेलुगू, उर्दू आणि कानडी मुलांसही उघडे असावे, आणि महिन्यातून एक रविवार त्यांनी आपल्या मुलांस त्यांची भाषा शिकवावी.

पहिल्या रविवारी किती मुले येतील, हे आज सांगता येत नाही. पाच आली तरी वर्ग भरेल. पाटी, खडू आणि बाराखडीचा तक्ता आम्ही घरून आणू. सभागृहाची किल्ली मात्र विश्वस्त मंडळींनी द्यावी.