विमान आपले, पण किल्ली कोणाची?

११ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या पनवेलजवळच्या नव्या विमानतळावर हवाई दलाचे सी-२९५ हे वाहतूक विमान उतरले, आणि एक सुखोई-३० लढाऊ विमान धावपट्टीच्या माथ्यावरून गर्जना करीत निघून गेले. असे विमान डोक्यावरून गेले की कोणाचीही छाती अभिमानाने भरून येते. आम्हांस मात्र आज त्या अभिमानाच्या एक पाऊल पुढचा प्रश्न मांडावयाचा आहे. विमान आपले खरे. पण त्याच्या पोटातील माहिती कोणाची?

हा प्रश्न समजण्यासाठी आजचे लढाऊ विमान म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. वैमानिक दांडा हलवितो, परंतु पंखाची कोणती पट्टी किती वळवावयाची हे संगणक ठरवितो. रडार, क्षेपणास्त्रे, धोक्याची सूचना देणारी यंत्रे, ही सारी संगणकाच्या आज्ञेत चालतात. या आज्ञांचा मूळ लेख म्हणजे ‘सोर्स कोड’. बाजारातून तयार मसाल्याची पुडी आणली तर भाजी करता येते. परंतु तिखट कमी करावयाचे झाले तर कृतीच हाती असावी लागते. सोर्स कोड ही ती कृती होय. विकणारा बहुधा पुडी देतो, कृती देत नाही.

दुसरी माहिती शत्रूच्या ओळखीची. ओळखीचा माणूस जसा दाराआडूनही आवाजावरून कळतो, तसे प्रत्येक रडार आपल्या लहरींच्या लकबीवरून ओळखता येते. या लकबींची नोंदवही विमानात भरलेली असते. ती जुनी झाली तर महागडे विमानही आंधळे ठरते. आणि ती दुसऱ्याने लिहून द्यावयाची असेल, तर आपला शत्रू कोण हेही त्याला सांगावे लागते.

आता आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी कारखाना उभा राहिला. परवाना सोव्हिएत रशियाचा, नकाशेही त्यांचेच. आपल्या कारागिरांनी धातू कापला, जोडला, विमाने उडविली. ती २६ सप्टेंबर २०२५ ला सेवेतून निवृत्त झाली. परंतु नकाशाप्रमाणे वस्तू करणे निराळे आणि नकाशातील रेघ तेथेच का आली हे जाणणे निराळे. परवान्यात पहिले मिळते, दुसरे क्वचितच.

त्याच ओझरला पुढे सुखोई-३० बांधले जाऊ लागले. या वेळी आपण एक शहाणपण केले. सांगाडा रशियाचा असला, काही उपकरणे फ्रान्स व इस्राएलची असली, तरी मुख्य संगणक भारतीय बनावटीचे बसविले. त्याचे फळ ब्राह्मोसच्या वेळी दिसले. सुमारे अडीच टनांचे हे क्षेपणास्त्र घेऊन सुखोईने २५ जून २०१६ रोजी नाशिकला पहिले उड्डाण केले, आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी ते हवेतून प्रथम डागले गेले. विमानातील यांत्रिक व विद्युत फेरफार कारखान्याने केले. संगणकाच्या आज्ञा हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिल्या. मूळ आराखडा आजही रशियाचाच आहे. परंतु निदान या एका कुलुपाची किल्ली आपल्या कमरेला होती.

किल्ली परक्याकडे असली की काय होते, तेही आपण भोगले आहे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, आणि ‘तेजस’च्या उड्डाण-नियंत्रणावर तेथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परतावे लागले. उरलेले काम त्यांनी येथे पुरे केले, आणि ४ जानेवारी २००१ रोजी तेजस आकाशात झेपावले. अडवणूक झाली; पण कृती आपली झाली.

हे दुःख केवळ आपलेच आहे असेही नाही. अमेरिकेच्या एफ-३५ विमानात ब्रिटन हा प्रमुख भागीदार. तरीही सोर्स कोडसह आवश्यक तांत्रिक माहिती मिळेना, म्हणून २००६ साली ब्रिटनला माघारीची भाषा करावी लागली, आणि त्याच वर्षी उभयतांत समझोता झाला. तुर्कस्तान तर या विमानाचे सुटे भाग बनवीत असे. त्याने रशियाची एस-४०० ही यंत्रणा घेताच, एफ-३५ ची गुपिते तिच्यावाटे रशियाला कळतील असे म्हणून २०१९ साली त्याला योजनेबाहेर काढण्यात आले. इस्राएलने मात्र आपली स्वतःची उपकरणे बसविण्याची मुभा मिळविली.

यावरून विकणारा तेवढा लबाड, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या नोंदवहीवर त्याच्या स्वतःच्या वैमानिकांचे प्राण अवलंबून, ती तो कोणाच्याही हाती कशी देईल? आपण तरी देऊ काय? शिवाय सारे स्वतः करावयाचे म्हटले तर वेळ लागतो. तेजसची योजना १९८३ ची. त्याचे पहिले पथक उभे राहिले २०१६ साली. नाशिकला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले, पण त्याचे इंजिन अमेरिकेचे आहे, आणि ती इंजिने उशिरा आल्याने विमानेही रखडली. एक किल्ली हाती आली तरी दुसरी परक्याच्या खिशात राहते.

म्हणून सर्वच स्वदेशी किंवा सर्वच विकत, असा हा वाद नाही. कोणती किल्ली आपल्याकडे असलीच पाहिजे, हे सौदा करण्यापूर्वी ठरविणे, यात खरे शहाणपण आहे. आमच्या मते तीन गोष्टी सोडू नयेत: आपले शस्त्र आपण बसविण्याचा अधिकार, शत्रूची नोंदवही आपण लिहिण्याचा अधिकार, आणि दुरुस्तीची माहिती आपल्या परवानगीवाचून बाहेर न जाण्याची हमी.

विमाने आपल्या करातून येतात. तेव्हा यापुढे खरेदीची बातमी वाचताना आपण किती विमाने व किती कोटी एवढेच विचारून थांबू नये. घर घेताना आपण दाराची किल्ली मोजून घेतो. आकाशाचे दार राखणाऱ्या विमानाच्या बाबतीत तेवढी सावधगिरी तरी दाखवावयास हवी.