मचाण : झाडाला न दुखविणारी बांधणी

ज्वारीत दाणा भरू लागला की राखणीचे दिवस सुरू होतात. दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे यांच्यापासून पीक वाचविण्यासाठी शेतकरी शेतात माळा उभारतो. बांधावर भक्कम झाड असल्यास त्याच्या फांद्यांवरच बैठक बांधली जाते. वनप्रदेशात हेच मचाण होय. जंगलालगतच्या शेतात रात्री जमिनीवर निजणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. बिबट्या आणि अस्वल झाडावर चढू शकतात, हे खरे. तथापि उंचावरून दूरचे दिसते आणि चाहूल लवकर लागते.

झाडाची पारख

मचाण बांधणाऱ्याचे कौशल्य प्रथम झाडाच्या निवडीत दिसते. मोह, चिंच, आंबा, ऐन ही झाडे भार पेलतात. शेवगा व पांगारा ठिसूळ असल्याने टाळावे लागतात. खोड पोकळ नाही, वरच्या फांद्या वाळलेल्या नाहीत, याची खात्री करून घ्यावी लागते. दोन फांद्या एकमेकींना चिकटून सरळ वर गेल्या असतील, तर ती बेचकी वादळात चिरण्याचा संभव असतो. रुंद बेचकी अधिक विश्वासाची.

बैठकीसाठी तीन वर्षांहून अधिक वयाचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू उत्तम. कोवळ्या बांबूला कीड लवकर लागते, कारण तिचे खाद्य असलेला पिष्टांश त्यात अधिक असतो. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास हा अंश कमी होतो.

गाठीमागील शास्त्र

बांधणीसाठी अंबाडीचा किंवा पळसाच्या मुळांच्या सालीचा दोर वापरण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागे शास्त्र आहे. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते. म्हणून खोडावरची गाठ बांधली त्याच उंचीवर राहते. खोडाचा घेर मात्र वाढत जातो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांकडे उतरते. आवळून बांधलेली तार या थरात रुतली की मुळांची उपासमार होते आणि काही वर्षांत झाड वाळते. सुती अथवा वाखाचा दोर हंगामानंतर सोडता येतो. शिवाय वाऱ्याने प्रत्येक फांदी निराळी हलते. दोराची बांधणी ती हालचाल सोसते, ताठ ठोकलेला सांधा मात्र तुटतो.

जुनी कला, नवी संधी

मेळघाटसारख्या व्याघ्र प्रकल्पात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवरून वन्यप्राण्यांचे निरीक्षण केले जाते. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानंतर शेतावर पाहुण्यांसाठी झाडावरची घरे बांधण्याकडेही शेतकऱ्यांचे लक्ष वळले आहे. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनेतर जमिनीवरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे स्वतःच्या शेतातील बांबू वापरणे सुलभ झाले.

परंतु कायमच्या घराचा भार राखणीच्या बैठकीहून कितीतरी अधिक असतो. अशा वेळी झाडाशेजारी स्वतंत्र खांब रोवून बराचसा भार त्यांवर घ्यावा, खोडाभोवती वाढीला मोकळी जागा सोडावी आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर सांधे तपासावेत. मचाणावरील माणसाचा जीव झाडाच्या आधाराने सुरक्षित राहतो. ते झाड निरोगी ठेवणे हाच या बांधणीचा पहिला नियम आहे.