हातच्या कसबाची परीक्षा कशी होते?

वीस वर्षे कलमे बांधणारा कारागीर असो की नुकतेच प्रशिक्षण घेतलेला तरुण, रोपवाटिकेत काम मागायला गेल्यावर प्रमाणपत्राची विचारणा होऊ शकते. ते कशाच्या आधारे मिळते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

केंद्र शासनाने २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित केला. त्यात वर्गात किती दिवस बसला यापेक्षा काय करता येते, याला महत्त्व आहे. शेतीतील व्यवसायांची मानके भारतीय कृषी कौशल्य परिषद तयार करते. प्रत्येक कामाचे बारीक निकष पाडून त्यांना गुण ठरविलेले असतात. लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी असे मूल्यमापन होते आणि ते शिकविणाऱ्याने नव्हे, तर बाहेरच्या मूल्यमापकाने करावयाचे असते.

आंब्याचे कोय कलम घ्या. तांबूस पानांचे, १० ते १५ दिवसांचे रोप निवडले का, ३ ते ४ महिने वयाची काडी घेतली का, पाचरीचा काप एका दमात व गुळगुळीत आला का, साली जुळल्या का, पट्टी घट्ट बसली का, हे मूल्यमापक शेजारी उभे राहून पाहतो. चाकू स्वच्छ केला नाही तर तेथेही गुण जातात. आमच्याकडील एक पट्टीचा कलमकार नेमका येथेच अडला. हात सराईत होता, पण ‘चाकू का पुसायचा?’ या प्रश्नावर तो गप्प राहिला.

या पद्धतीत एक उणीव मला जाणवते. कलम जगले की नाही हे कळायला काही आठवडे लागतात आणि परीक्षा तर एका दिवसात उरकते. म्हणजे गुण मिळतात ते रीतीला, फळाला नव्हे. म्हणून स्वतः बांधलेली, फुटवा आलेली दोन-चार कलमे व कामाची नोंदवही सोबत न्यावी. गुण वाढतीलच असे नाही, परंतु तोंडी परीक्षेत बोलायला आधार मिळतो.

अनुभवी कारागिरांसाठी ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ ही वेगळी वाट आहे. तीत पूर्ण अभ्यासक्रम करावा लागत नाही. थोडी ओळख करून देऊन थेट मूल्यमापन होते.

नाव नोंदविण्यापूर्वी त्या व्यवसायाची निकषपत्रिका मागून घ्यावी व परीक्षा मराठीत होणार का, हे विचारावे. शेवटी हाती पडणारा कागद नीट वाचावा. त्यावर व्यवसायाचे नाव व स्तर नसून केवळ ‘प्रशिक्षणास उपस्थित होते’ असे लिहिले असेल, तर ती हजेरीची पावती समजावी.