तलावाचे गाव : मासा, पाहुणा आणि कीटक

रायपूरच्या पुरानी बस्तीला बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब अशा जुन्या जलाशयांचा शेजार लाभला आहे. तेथून पश्चिमेकडे राज्याची सीमा ओलांडून गोंदिया-भंडारा जिल्ह्यांत आले की हीच तलावसंस्कृती खेड्याखेड्यांत आढळते. छत्तीसगडातील केवट-ढीमर आणि पूर्व विदर्भातील ढिवर या समाजांचा उदरनिर्वाह पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर चालत आला आहे. आता त्यात पर्यटनाची भर पडत आहे. मासेमारी आणि पर्यटन या दोन्ही व्यवसायांचा एक पाया सहसा दुर्लक्षित राहतो, तो म्हणजे तलावातील व काठावरील कीटकसृष्टी.

नवेगावबांधचे उदाहरण

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांध वसले आहे. येथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. त्याचा जलविस्तार सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. कोहळींनी असे तलाव बांधले ते सिंचनासाठी. त्यांतील मासा ढिवरांनी जगण्याचा आधार केला. परिसरातील जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. हिवाळ्यात स्थलांतरित बदके पाहण्यासाठी पर्यटक येतात. जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी सारस पक्ष्यांची मोजकी जोडपी अजून टिकून आहेत.

साखळीचा तळचा दुवा

तलावाच्या चिखलात कायरोनोमिड माशांच्या तांबड्या अळ्या वाढतात. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने कमी प्राणवायूतही त्या तग धरतात आणि सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जगतात. या अळ्या अनेक माशांचे व बदकांचे पौष्टिक खाद्य आहेत. चतुर आणि टाचण्यांची पिल्ले पाण्यात वाढतात. प्रौढ झाल्यावर हेच कीटक बांधीत उडून लहान किडींची शिकार करतात. मत्स्यबीज संगोपनाच्या छोट्या तळ्यात चतुराची पिल्ले मत्स्यजिऱ्याला उपद्रव देतात हे खरे. परंतु मोठ्या तलावात ती समतोलाचाच भाग असतात. ही साखळी तीन ठिकाणी तुटू शकते.

१. धानावरील फवारणी

पूर्व विदर्भातील तलाव व बोड्या अनेक ठिकाणी उताराने एकमेकांशी जोडलेल्या आहेत. वरच्या बांधीतून निघालेले पाणी खालच्या बोडीत उतरते आणि त्यासोबत कीटकनाशकही उतरते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड्स माशांना विशेष घातक ठरतात. कल्ल्यांतून ती सहज शोषली जातात आणि माशांचे शरीर त्यांचे विघटन जलद करू शकत नाही. त्यामुळे लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकी मात्राही मारक ठरू शकते. शेतकऱ्यालाही यात लाभ नाही. या फवारण्यांनी कोळी व मिरिड ढेकूण हे मित्रकीटक नष्ट होतात आणि तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक वाढतो.

२. शिंगाड्यावरील भुंगेरा

शिंगाडा हे ढिवर-ढीमर कुटुंबांचे जोडपीक आहे. त्यावरील भुंगेरे व त्यांच्या अळ्या तरंगती पाने खाऊन त्यांची चाळण करतात. येथे फवारणी थेट पाण्यावरच पडते, म्हणून धोका सर्वाधिक असतो. हे भुंगेरे पानांवर पुंजक्यांनी अंडी घालतात. सुरुवातीलाच अशी पाने खुडून तलावाबाहेर नष्ट करणे आणि हंगामानंतर वेलींचे अवशेष काढून टाकणे हा सुरक्षित उपाय होय.

३. काठावरची धुरळणी

सायंकाळी तलावाकाठच्या दिव्यांभोवती हजारो बारीक माशा जमतात. पाहुण्यांना ते डास वाटतात आणि धुरळणीची मागणी होते. प्रत्यक्षात त्या बहुधा कायरोनोमिडच्या प्रौढ माशा असतात. त्या चावत नाहीत. बसताना पुढचे पाय उचलून धरतात, तर डास मागचे पाय वर करतो. काठावर सर्रास धुरळणी केल्याने आपण माशांचे खाद्यच कमी करतो आणि उडून आलेले औषध पाण्यात मिसळते. त्याऐवजी पिवळसर, मंद आणि खाली झाकलेले दिवे लावावेत, राहत्या खोल्यांना जाळ्या बसवाव्यात. प्रखर पांढऱ्या दिव्यांकडे तपकिरी तुडतुडेही ओढले जातात, हेही ध्यानात घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

• आर्थिक नुकसानीची पातळी गाठल्याशिवाय फवारणी सुचवू नये. खोडकिड्यासाठी सुमारे ५ टक्के गाभेमर, तुडतुड्यांसाठी चुडामागे ५ ते १० कीटक हा निकष वापरावा.
• खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जापोनिकम या परोपजीवी कीटकाची ट्रायकोकार्डे वापरावीत. हेक्टरी ५०,००० अंडी या प्रमाणात ती वेळोवेळी लावावीत.
• तलावालगतच्या बांध्यांत पायरेथ्रॉइड्स टाळावीत. फवारणीनंतर किमान आठवडाभर बांधीचे पाणी सोडू नये.
• फवारणी पंप व औषधांचे डबे तलावात धुऊ नयेत.
• हंगामापूर्वी धान उत्पादक, मत्स्य सहकारी संस्था आणि निवासव्यवस्था चालविणारे यांची एकत्र बैठक घ्यावी.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. औषध फवारणारा एक, मासा गमावणारा दुसरा आणि पक्षी न दिसल्याने परतणारा पाहुणा तिसरा असतो. नुकसान सोसणाऱ्याला कारण कळत नाही आणि कारणीभूत होणाऱ्याला नुकसान दिसत नाही. पाणी मात्र तिघांचे एकच आहे. ते एकत्र बसून सांभाळले, तरच तलावाच्या गावात जाळे भरेल आणि पाहुणाही पुन्हा येईल.